खिदमतमाश जमिनीची रेषा कशी काढायची?

तुळजापूर ते सोलापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. पण १९४८ पर्यंत या दोन गावांच्या मध्ये निजामी राज्याची हद्द होती, आणि हद्दीच्या दोन्ही बाजूंना जमीन कागदावर उतरवण्याच्या रीती वेगळ्या होत्या. सोलापूर मुंबई इलाख्यात होते. तिथे अँडरसन यांच्या महसुली हिशेबाच्या पुस्तिकेतले गाव नमुने चालत. तुळजापूर हैदराबाद संस्थानात होते. तिथल्या कारभाराची भाषा उर्दू, आणि जमिनीचा माग काढायचा तर पाहणी पत्रके, खासरा पत्रके पाहायची. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, पुढे १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम झाला, आणि तुळजापूर तालुक्यातली शेतेही सातबाऱ्याच्या चौकटीत बसवली गेली.

बसवली गेली खरी, पण प्रत्येक जुन्या शब्दासाठी नव्या चौकटीत रकाना होताच असे नाही. मराठवाड्यातल्या खिदमतमाश जमिनी घ्या. देवस्थानाची सेवा करणाऱ्याला त्या सेवेसाठी दिलेली ही जमीन. वहिवाट त्याची असते, पण स्वतःची म्हणून ती त्याला विकता येत नाही. भवानीच्या तुळजापुरात हा भेद साऱ्यांना समजतो. संगणकाला मात्र तो कुणीतरी आधी शिकवावा लागतो. आराखड्यात ‘जमीन’ आणि ‘माणूस’ यांना जोडणारी ‘मालक’ अशी एकच रेषा असेल, तर सेवेकरी मालक ठरतो आणि देवस्थान नोंदीतून नाहीसे होते. प्रोग्राम बिनचूक चालतो, उताराही सुबक छापून येतो, पण त्यावरची माहिती खोटी असते. डेटा मॉडेलिंगची, म्हणजे माहितीचा आराखडा आधी आखण्याची, गरज इथे कळते.

या शास्त्राचा पाया आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये घातला: माहिती तक्त्यांत ठेवा, आणि तक्ते एकमेकांशी मूल्यांनी जोडा. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांच्यातले संबंध चित्रात मांडण्याची पद्धत दिली. आज रेषेच्या टोकाला कावळ्याच्या पायासारखी तीन बोटे दिसली, की त्या बाजूला ‘अनेक’ आहेत असे समजायचे.

सातबाऱ्यावर हे ताडून पाहता येते. एका गटात अनेक खातेदार, एका खातेदाराचे अनेक गट. वडिलांमागे तीन वारस लागले आणि तिघांची नावे एकाच रकान्यात लिहिली, तर त्यांतल्या धाकट्या बहिणीची तालुक्यात एकूण जमीन किती, याचे उत्तर संगणक देऊ शकत नाही. गट, खाते आणि खातेदार हे तीन तक्ते वेगळे करून मध्ये हिश्शाचा चौथा तक्ता घातला, की हा प्रश्न सुटतो. नमुना सात गटावरून वाचायचा, आठ-अ खात्यावरून. कागदावर ती दोन पुस्तके होती, म्हणून त्यांच्यात तफावत पडे. नीट आराखड्यात माहिती एकदाच साठवली जाते आणि दोन्ही उतारे तिच्यातूनच निघतात. जुन्या तलाठ्यांची एक रीत तर मला फार मोलाची वाटते: कमी झालेले नाव खोडायचे नाही, कंसात टाकायचे, आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहायचा. काळाचा हिशेब ठेवणारा आराखडा आजही अनेकांना जमत नाही.

अशा कामासाठी अर्विन, ईआर स्टुडिओ, पॉवरडिझायनर ही सशुल्क साधने आहेत आणि मायएसक्यूएल वर्कबेंच फुकट आहे. चित्रावरून तक्ते तयार करणे आणि चालू डेटाबेसवरून उलट चित्र काढणे ही सगळ्यांची मूळ कामे. वर्कबेंच मायएसक्यूएलपुरतेच बांधलेले आहे. पहिली तीन वेगवेगळ्या डेटाबेसशी बोलतात, आणि अर्थ सांगणारा तार्किक आराखडा प्रत्यक्ष तक्त्यांपासून वेगळा ठेवतात. खिदमतमाशसारखी गोष्ट त्या तार्किक पातळीवरच ठरवायची असते, म्हणून ही सोय मी किमतीच्याही आधी पाहीन.

पण तक्ते नीट असले म्हणजे कारभार नीट होतो असे नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे आय-सरिता प्रणालीत नोंदले जाते, तिथून सूचना ई-फेरफारमध्ये येते, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. शिवाय बँकेचा बोजा ‘इतर हक्कां’त चढतो, आणि २०२१ पासून पीक पेरा शेतकरी मोबाइलवरून नोंदवतो. उद्या एका रकान्याचा अर्थ बदलला, तर कोणकोणत्या कचेऱ्या आणि प्रणाली हलतील? हे दाखवणे एंटरप्राइज आर्किटेक्चरचे काम. जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये त्याची चौकट मांडली. नेदरलँड्समध्ये आर्किमेट ही चित्रभाषा घडली. त्यात कामकाज, प्रणाली आणि यंत्रसामग्री असे थर असतात. केंद्र सरकारनेही २०१८ मध्ये ‘इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर’ ही आपली चौकट आणली.

एंटरप्राइज आर्किटेक्चरची साधने स्वभावाने वेगळी. आर्ची फुकट आणि मुक्त-स्रोत आहे, पण आर्किमेटपलीकडे फारसे जात नाही. तक्त्याचे रकाने त्यात मांडायचेच नसतात. ऑस्ट्रेलियाच्या स्पार्क्स कंपनीचे एंटरप्राइज आर्किटेक्ट कारभार, प्रोग्राम आणि तक्ते सगळेच सामावते. इतके सामावते, की काय काढायचे याची शिस्त आधी घातली नाही तर चित्रांचे जंगल उभे राहते. पॉवरडिझायनर दोन्ही पातळ्या जोडून ठेवते, त्यामुळे रकान्यावरून थेट त्याच्याशी निगडित प्रणालीपर्यंत जाता येते. दहा-बारा सरकारी खात्यांना एकच आराखडा वापरायचा असेल तर त्याचा खर्च पटतो. एखाद्या देवस्थानाला किंवा बाजार समितीला मी आर्ची आणि तक्ते काढणारे एखादे फुकट साधन यांपासूनच सुरुवात करायला सांगेन.

आणि साधन घेण्याआधी एक चाचणी करायला सांगेन. त्या साधनात खिदमतमाशची रेषा काढा. तिच्यावर तीन गोष्टी नोंदवा: सेवेची अट, देवस्थानाचे नाव, आधाराचा फेरफार क्रमांक. मग आराखडा बाहेर काढून दुसऱ्या कंपनीच्या साधनात उघडा. आर्किमेटसाठी देवाणघेवाणीचा ठरलेला फाइल-नमुना आहे, यूएमएल या दुसऱ्या चित्रभाषेसाठी एक्सएमआय आहे. चौकोन आणि रेषा बहुधा येतील. रेषेवर आपण स्वतः जोडलेल्या त्या तीन नोंदी आल्या का, हे एकेक करून तपासा.