शेततळ्याचा हिशेब आणि विहारचे पाणी
(ऊस विकास विभागाकडून)



गेल्या हंगामात आपले एक सभासद शेततळ्याच्या खोदाईचे बिल घेऊन आमच्याकडे आले. ठेकेदाराने सरळ ३० गुणिले ३० गुणिले ३, म्हणजे २,७०० घनमीटर धरले होते. आम्ही म्हटलं, "पाव्हणं, तळं म्हणजे काय पेटी आहे का? काठ आत उतरतात की!"

उतार एकास एक असेल तर ३ मीटर खाली तळ २४ बाय २४ चाच राहतो. वरचे क्षेत्रफळ ९००, मधले (२७ बाय २७) ७२९, तळाचे ५७६. मधल्याची चौपट करावी, तिन्हींची बेरीज करावी, खोलीने गुणून ६ ने भागावे. उत्तर २,१९६ घनमीटर. बिलात ५०४ घनमीटर जादा! घनमीटरला ४० रुपये दर धरला तरी २०,१६० रुपये हकनाक गेले असते.

आपली बरीच मुले मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीला नोकरीला आहेत. त्या उपनगरांच्या मधल्या डोंगरात १८६० साली पूर्ण झालेला विहार तलाव आहे. त्याला ना सरळ बाजू, ना सारखा तळ. अशा तलावाचे आडवे काप कल्पून, एकेका पातळीचे क्षेत्रफळ काढून घनफळ मोजतात. आपल्या तळ्याच्या मधल्या मापाचीच ही मोठी आवृत्ती. विहारची उपयुक्त क्षमता २७,६९८ दशलक्ष लिटर. बोलताना २७,७०० म्हटले तरी चालते. आपली अशी सुमारे १२,६०० शेततळी त्यात मावतील.

पण दशांशाची गंमत इथेच आहे. पाच किंवा जास्त आला की पुढचा आकडा, हा शाळेतला नियम शेतात दरवेळी चालत नाही.

एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. हेक्टरी ७ सेंटीमीटरची एक पाळी द्यायची तर ७०० घनमीटर पाणी लागते. २,१९६ भागिले ७०० म्हणजे ३.१४. पाळ्या तीनच! ३.९ आले असते तरी पुऱ्या पाळ्या तीनच धराव्यात. शिवाय उन्हाने उडणारे पाणी वेगळेच.

प्लॅस्टिकचा कागद घेताना मात्र उलटे. काठाची तिरपी लांबी ४.२४३ मीटर. तीच ४.२ धरली तर कागद १,०२९.६ चौरस मीटर येतो. खरा लागतो १,०३४.२. म्हणून १,०३५ धरावा आणि काठावर चरात दाबायला लागेल तो वेगळा.

तेव्हा ध्यानात ठेवा : असलेले पाणी खाली धरावे, विकत घ्यायचा माल वर धरावा, आणि आकडा तोडायचा तो अगदी शेवटी.

बिल चुकते करण्याआधी तळ्याची तिन्ही मापे घेऊन गट कार्यालयात या. हिशेब आपण मिळून करू.