गाडी उलटी धरा

तळहातावर मावणारी जुनी धातूची मोटार हातात आली की आपण तिचा रंग बघतो, चाकं फिरवून बघतो. आता ती उलटी करा आणि भिंगाखाली धरा. एकाच साच्यातून निघालेल्या दोन गाड्यांपैकी आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हे ती स्वतःच सांगायला लागते! कुठेही तारीख नसताना?

मोदकाचा साचा आठवा. त्याच्या आतल्या बाजूला ओरखडा पडला तर मोदकावर काय उमटेल? ओरखडा नव्हे, बारीकसा उंचवटा. साच्यातून जे गेलं, ते मोदकावर आलं. खेळण्यातल्या मोटारीचंही असंच. साचा पोलादाचा, आणि आत जोरानं दाबलं जाणारं सारण म्हणजे वितळलेलं जस्त, त्यात साधारण 4 टक्के अॅल्युमिनियम. काही सेकंदांत ते घट्ट होतं आणि गाडीचा सांगाडा बाहेर पडतो.

आता गंमत बघा. गाडीवर एखादं उठावाचं अक्षर वाढवायचं असेल तर कारागीर ते पोलादात कोरतो, काम संपलं. पण असलेलं अक्षर काढायचं असेल तर? पोलादातला खड्डा बुजवावा लागतो. तिथे वेल्डिंग करा, नाहीतर तेवढा भाग कापून नवा तुकडा बसवा. काहीही केलं तरी गाडीच्या पोटावर एखादा सपाट चौकोन नाहीतर पुसट कडा उरते, जुन्या जखमेच्या व्रणासारखी.

शिवाय साचा म्हाताराही होतो. दर ओतणीला पोलाद तापतं आणि निवतं. हजारो वेळा असं झालं की त्याला आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या बारीक भेगा पडतात, आणि गाडीवर त्या केसाएवढ्या उंच रेषा होऊन उतरतात. भेगा आपोआप कधी भरून येत नाहीत. म्हणून जिच्यावर रेषांचं जाळं जास्त, ती गाडी बहुधा नंतरची. धातूच्या सुरकुत्या मोजून वय ओळखायचं!

आणि मूळ साचा हाती नसताना कुणी जुन्या गाडीवरूनच नवा साचा उठवला तर? मला सगळ्यात आवडणारा पुरावा इथे आहे. जस्त थिजताना अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त आक्रसतं. मूळ कारागिरानं ती घट धरून साचा किंचित मोठा केलेला असतो. गाडीवरून साचा घेणारा ते विसरला, की त्याची गाडी दुसऱ्यांदा आक्रसते. 10 सेंटिमीटर लांबीत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक! डोळा फसेल, व्हर्नियर कॅलिपर फसत नाही.

या खुणा वाचायला शिकलात की एक प्रवास उलगडतो. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी गाड्या जगभरच्या मुलांच्या खिशात होत्या. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांचे काही जुने साचे थेट कलकत्त्याला आले आणि तिथे त्याच गाड्या ‘निकी टॉइज’ म्हणून पुन्हा जन्मल्या. नाव निकीच का ठेवलं असेल? रोमन लिपीत दोन्ही नावं लिहून एकाखाली एक ठेवा. पाच अक्षरांपैकी आय, के आणि वाय जागच्या जागी! डीचं एन करायचं, एनचं सी करायचं, बस्स. पोलादातलं अक्षर बुजवणं किती जिकिरीचं, हे आत्ताच पाहिलं ना? या नावात ती जिकीर दोनच अक्षरांपुरती उरते. काही गाड्यांवर जुन्या नावाच्या खाडाखोडीच्या खुणा भिंगाखाली आजही दिसतात.

त्यातली एक छोटी बस तर बघाच. लिव्हरपूलमध्ये ती स्टँडर्ड अॅटलस होती. तोवर मद्रासमध्ये खरीखुरी अॅटलस गाडी ‘स्टँडर्ड 20’ नावानं बनू लागली होती, म्हणून कलकत्त्याच्या खेळण्यानंही तेच नाव घेतलं.