संगणकाची पोथी घरी आणावी कशी?



या व्यासपीठावर वेदान्तापासून शेअरबाजारापर्यंत अनेक विषय होऊन गेले आहेत. त्या मानाने आजचा विषय रुक्ष वाटेल. परंतु ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी प्रोग्रॅमिंग शिकत आहे, आणि आपल्या गावात अशी घरे आज कोणत्या आळीत नाहीत, त्या घराला तो रुक्ष वाटण्याचे कारण नाही. प्रोग्रॅमिंगच्या प्रत्येक भाषेबरोबर तिची माहिती येते : अमुक आज्ञा काय करते, तिला काय द्यावयाचे, ती काय परत देते, कोठे अडते. इंग्रजीत हिला डॉक्युमेंटेशन म्हणतात. मी सोयीसाठी पोथी म्हणेन. ही पोथी आज नेटवर असते. ती तेथून उतरवून तिचे पुस्तक, किंवा निदान नेटवाचून उघडणारा संदर्भ, कसा करता येतो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मी कामगार संघटनेचा माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढे जे शिकलो ते दुसऱ्यांची पुस्तके मागून. पुस्तक आपल्या हातात असणे आणि दुसऱ्याच्या कपाटात असणे यांत अंतर किती, हे मला कोणी समजावून सांगावे लागत नाही. जुना फिटर आपल्या पेटीत पाना आणि व्हर्निअर यांच्या जोडीला एक तेलकट पुस्तक बाळगी. त्यात आट्यांचे तक्ते असत, ड्रिलची मापे असत. अमेरिकेतील ‘मशिनरीज हँडबुक’ १९१४ साली निघाले आणि आजही पेटीत मावेल अशा आकारात त्याच्या आवृत्त्या निघतात. ते उघडण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

नेटवरची पोथी मात्र दुसऱ्याच्या कपाटात असते. रिचार्ज संपला की कपाट बंद. कारखान्याच्या फाटकावर फोन काढून घेतला की बंद. ५ ऑगस्ट २०१९ पासून काश्मीर खोऱ्यात इंटरनेटच बंद झाले. काही महिन्यांनी ते मंद गतीने परतले, आणि बहुतेक जिल्ह्यांत फोर-जी सेवा यावयास फेब्रुवारी २०२१ उजाडला. तेथे प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांनी या काळात काय उघडून पाहावे? आणि कपाटाचा धनी कधी कपाटच उचलून नेतो. आमच्या एका सभासदाच्या कारखान्यात पंधरा वर्षांचे जुने नियंत्रक असलेले यंत्र होते. ते बनविणाऱ्या कंपनीने त्याची पोथी एके दिवशी आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली. विचारले तर उत्तर आले, नवे यंत्र घ्या. त्या सभासदाने पूर्वीच छापून ठेवलेली चाळीस पाने नसती, तर यंत्र भंगारात आणि त्यावरची दोन माणसे घरी गेली असती.

आता या प्रश्नाचे उत्तर पाहा. ते प्रश्नापेक्षा जुने आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली उभारली. तिच्या पहिल्या पोथीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. या मंडळींना नवे यंत्र हवे होते. ते मिळविण्यासाठी वरिष्ठांना त्यांनी सांगितले की, पेटंट खात्याचे कागद टंकून, नीट मांडून देणारी व्यवस्था आम्ही त्यावर करू. यंत्र आले आणि प्रयोगशाळेतील त्याचे पहिले गिऱ्हाईक झाले ते पेटंट खात्याचे टंकलेखक. म्हणजे मजकूर मांडण्याची विद्या या प्रणालीच्या घरात जन्मापासूनच होती. पोथीचे मूळ साध्या अक्षरांत लिहिलेले असे आणि मधूनमधून खुणा असत : येथे शीर्षक, येथे नवा परिच्छेद. त्या एकाच मुळापासून कागदावरचे पुस्तकही निघे आणि पुढे पडद्यावरचे पानही निघू लागले. या पोथीत अनेक आज्ञांच्या पानांवर ‘दोष’ असे एक कलम असे आणि आज्ञेत जे उणे असेल ते बनविणाराच तेथे लिहून ठेवी. माझ्या तीस वर्षांच्या वाटाघाटींत असे कलम स्वतःहून घालणारा धनी मला भेटलेला नाही. असो.

हीच रीत आज पायथन या भाषेने चालविली आहे. आपली मुले बहुधा हीच भाषा आधी शिकतात, म्हणून उदाहरण तिचेच घेतो. तिची पोथी साध्या मजकुरात लिहिलेली आहे आणि ती निरनिराळ्या रूपांत बाहेर काढण्याचे काम स्फिंक्स नावाचे अवजार करते. हे अवजार गेओर्ग ब्रांड्ल यांनी या पोथीसाठीच तयार केले आणि २००८ साली ते सर्वांसाठी खुले झाले. आता खुबी पाहा. लेखक मजकुरात ‘हा शब्द ठळक’ असे सांगत बसत नाही; तो सांगतो, ‘हे एका आज्ञेचे नाव आहे, तिची व्याख्या अमुक ठिकाणी आहे.’ शब्दाचे रूप न सांगता त्याचे काम सांगितल्यामुळे पुढचे सारे जमते. पडद्यावर त्या नावावर बोट ठेवले की दुसरे पान उघडते. कागदावर बोट ठेवून काही होत नाही. तेथे स्फिंक्स, सांगितल्यास, पृष्ठांक घालतो. शेवटी सर्व नावांची वर्णानुक्रमे सूची तोच लावतो. एखादा दुवा तुटका असेल तर तक्रारही करतो. पूर्वी छापखान्यात खिळे जुळविणारे आणि मुद्रिते तपासणारे मिळून जे करीत, त्यातील बराच भाग येथे एका आज्ञेत होतो.

ज्या पोथीचे मूळ असे खुले आहे, तिचे पुस्तक करणे सोपे. पायथनच्या संकेतस्थळावर तर ते तयारच ठेवलेले असते : ईपब, किंवा सर्व पाने एका गाठोड्यात. एकदा उतरवून घेतले की झाले.

जेथे मूळ मिळत नाही आणि केवळ पाने दिसतात, तेथे लोक डब्ल्यूगेटसारखे अवजार वापरतात. ते एका पानापासून निघते, त्यातील दुव्यांमागून पुढच्या पानांवर जाते, सर्व उतरवते आणि दुवे आपल्या यंत्रातील प्रतींकडे वळवते. उपयोग आहे, पण सावधपणे. घाईने हजारो पाने मागितली तर त्या बिचाऱ्या संकेतस्थळावर ताण येतो; दोन मागण्यांत थोडी उसंत ठेवावी. शिवाय आजची पुष्कळ पाने वाचणाऱ्याच्या यंत्रात जुळून तयार होतात. ती उतरवली तर हाती कोरा सांगाडा लागतो. आणि सर्व नीट आले तरी ते पुस्तक होत नाही. प्रत्येक पानावर तीच शीर्षपट्टी, तीच यादी. क्रम नाही, सूची नाही. धान्याची रास म्हणजे काही भाकरी नव्हे.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांच्यासाठी इतरांनी तो करून ठेवला आहे. झील हे अवजार शेकडो पोथ्या शोधसूचीसह आपल्या यंत्रात ठेवते. डेव्हडॉक्स ब्राउझरमध्येच त्या साठवते. किविक्स मुळात विकिपीडियासाठी निघाले, पण आता अशा पोथ्याही देते. आणि पायथनमध्ये तर ‘हेल्प’ ही आज्ञा घरातच बसलेली आहे. कंसात नाव लिहिले की माहिती समोर येते, नेट असो वा नसो. क्लासला हजारो रुपये भरणाऱ्या मुलांनाही हे ठाऊक नसते, याचे मला नवल वाटते.

मग कागदावर काय छापावे? सर्व मुळीच नाही. पायथनचा ग्रंथालय-संदर्भ एकटाच दोन हजारांहून अधिक पानांचा आहे; तो छापणे म्हणजे पैशाचा धूर. जे सलग वाचावयाचे ते कागदावर, जे शोधावयाचे ते यंत्रात, असा माझा कौल आहे. शिकवणीचा भाग सुमारे दीडशे पानांचा. तो छापावा, समासात पेन्सिलीने लिहावे. त्याला रोजच्या लागणाऱ्या दहापाच प्रकरणांची जोड द्यावी : मजकुराची कामे, याद्या, फाइली, तारखा. कोणती, हे ज्याच्या त्याच्या कामावरून ठरते आणि ही निवड कोणतेही अवजार आपल्यासाठी करीत नाही.

छापण्यापूर्वी परवाना वाचावा. पायथनची पोथी नकलण्यास व वाटण्यास मोकळीक आहे. मूळ हक्कसूचना मात्र प्रतीत राहिली पाहिजे. सर्वच पोथ्यांचे तसे नाही. कंपन्यांच्या पोथ्यांवर बहुधा सर्व हक्क राखून ठेवलेले असतात. आपल्या वापरासाठी चार पाने काढणे वेगळे आणि बांधून विकणे वेगळे.

मुखपृष्ठावर आवृत्तीचा क्रमांक आणि उतरवल्याची तारीख ठळक घालावी. २०२० पासून पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात निघत आली आहे आणि प्रत्येकीबरोबर ‘नवे काय’ हे प्रकरण येते. आमच्या रविवारच्या वर्गात आम्ही पुस्तक पुन्हा छापत नाही. तेवढे प्रकरण वाचतो, जुन्या प्रतीतील बदललेल्या ओळींवर पेन्सिलीने खूण करतो आणि ती पाने मागे टाचून ठेवतो. प्रत संघटनेच्या कचेरीत टेबलावर असते. संध्याकाळी सहानंतर कोणीही येऊन पाहावी.