दर्याला नारळ, बांधाला माती
नारळी पौर्णिमा विशेष : रायगडच्या किनाऱ्यावरील उधाण, गाणे आणि गावकी

श्रावण शुद्ध पौर्णिमेचा दिवस एक, परंतु त्याची रूपे अनेक. या दिवशी कोणी नवे यज्ञोपवीत धारण करतो, बहीण भावाच्या मनगटावर राखी बांधते, घरोघरी नारळीभाताचा सुगंध दरवळतो आणि कोकणच्या किनाऱ्यावर दर्यासागराला श्रीफळ अर्पण केले जाते. करंजा, थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन अशा बंदराबंदरांतून सोनेरी कागदाने मढविलेला नारळ पालखीतून मिरवत निघतो. वाद्यांच्या गजरात तो पाण्यात सोडला जातो आणि पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांची पूजा होते. या सोहळ्याची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. आम्हांस आज त्याच पौर्णिमेची दुसरी बाजू सांगावयाची आहे. ज्या उधाणापुढे कोळी बांधव हात जोडतात, त्याच उधाणावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारा एक समाज तेथून कोस-दोन कोसांवर, मातीच्या बांधाआड राहतो. रायगडच्या किनाऱ्यावरील भक्ती, गाणे आणि गावकी समजून घ्यावयाची तर हा बांध ओलांडून दोन्ही अंगांनी पाहावे लागते.

पाण्याचे पंचांग

किनाऱ्यावरच्या माणसाला तिथी कळण्यासाठी दरवेळी छापील पंचांग लागत नाही. ती त्याला पाणी सांगते. भरतीची वेळ दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणून येथील जुने लोक तिथीच्या अंकाला पाऊणने गुणतात आणि येईल तितक्या वाजता भरती, असे समजतात. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वा अकराच्या सुमारास, दुपारी आणि पुन्हा रात्री. अष्टमीच्या आसपासची भरती दुबळी. तिला भांगाची भरती म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येची भरती म्हणजे उधाण. चंद्र आणि सूर्य यांची ओढ त्या दिवसांत एका रेषेत येते आणि पाणी चढते. त्यात पावसाळ्यातला दक्षिण-पश्चिमेचा वारा पाण्याला किनाऱ्याकडे रेटीत असतो. नारळी पौर्णिमा नेमकी या उधाणावर येते, हा योगायोग नव्हे. समुद्राचे सामर्थ्य डोळ्यांना दिसत असताना त्याला वंदन करावे, ही पूर्वजांची दृष्टी त्यामागे आहे.

बांधापलीकडचे गाणे

कोळ्यांची पूजा ही कृतज्ञतेची, तशीच संयमाचीही आहे. पावसाळ्यात मासळीची वीण होते. त्या दिवसांत जाळे टाकू नये आणि नारळ अर्पण केल्यावरच होडी लोटावी, अशी जुनी रीत. आज शासनाने पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी ठरविली आहे. पौर्णिमा मात्र चंद्राच्या हिशेबाने कधी ऑगस्टच्या आरंभी येते, कधी अखेरीस. त्यामुळे काही वर्षी दर्याला नारळ वाहण्यापूर्वीच बोटी समुद्रात गेलेल्या असतात. पौर्णिमेपर्यंत थांबावे की कायद्याची तारीख उलटताच निघावे, हा प्रश्न केवळ श्रद्धेचा नाही. पहिल्या दिवशी जो थांबला त्याच्या वाट्याची मासळी दुसरा नेतो, ही चिंता त्यामागे आहे. व्रत एकट्याने पाळले तर ते हानीचे होते. सर्वांनी पाळले तरच त्याला फळ येते.

हीच सामुदायिकता कोळी गाण्यातही आहे. वल्हे मारताना, जाळे ओढताना अनेक हात एकाच क्षणी हलावे लागतात. त्या श्रमातून पुकारा आणि त्याला सर्वांनी द्यावयाचा प्रतिसाद यांची लय आली. पुढे शांता शेळके यांच्यासारख्या कवयित्रीने आणि हृदयनाथ मंगेशकरांसारख्या संगीतकाराने या लयीला ध्वनिमुद्रिकेतून घाटावरच्या घराघरांत नेले. आता बोटींना यंत्रे आली आणि वल्हे हातून सुटले. तरी नृत्यात खांदे अजून वल्ह्याच्याच चालीने झुलतात. ज्या मुलाने आयुष्यात कधी वल्हे धरले नाही, त्याच्या अंगातही ती लाट आहे.

दर्याने या किनाऱ्यावर केवळ मासळीच आणली नाही. अलिबागजवळच्या नवगाव येथे आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. हे लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांनी गावांवरून आडनावे घेतली, मराठी आपली मानली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या धर्मकथा आपल्याच मराठी कीर्तनपद्धतीने सांगण्यास आरंभ केला. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली बोली अजून बोलली जाते, आणि पोर्तुगीज सत्ता तेथून १७४० साली गेली! ज्या पाण्याने ही माणसे आणली, त्या पाण्याच्या काठी त्यांना आपले स्वर सापडले.

बांधाअलीकडचा खारेपाट

आता बांधाच्या अलीकडे येऊ. रेवसपासून धरमतरची खाडी आत शिरते आणि अंबा नदीला भेटते. तिच्या दोन्ही काठांवर, अलिबाग आणि पेण तालुक्यांत, जो सखल प्रदेश पसरला आहे तो खारेपाट. ही भूमी निसर्गाने दिलेली नाही, माणसाने मिळविलेली आहे. उधाणाचे पाणी जेथे खेळत असे, तेथे मातीचे बांध घालून पिढ्यान्पिढ्यांच्या कष्टाने भाताची खाचरे निर्माण झाली. अशा बांधून काढलेल्या जमिनींची नोंद १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये 'शिलोत्री' या नावाने सापडते. मोठ्या उधाणाच्या वेळी येथे बांधावर उभे राहिले, तर डाव्या हाताला खाडीचे पाणी उंच आणि उजव्या हाताला भाताचे पीक खाली, असे विलक्षण दृश्य दिसते.

या बांधांना ठिकठिकाणी दारे असतात. त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्याने दार उघडते, भरतीला खाडीच्या रेट्याने मिटते. रचना साधी, पण तिच्यावर शेकडो घरांचे अन्न अवलंबून. श्रावणातल्या उधाणाला दार मिटलेले आणि वर मुसळधार पाऊस, अशी वेळ आली की आतले पाणी बाहेर जाऊ शकत नाही आणि बाहेरचे आत येऊ पाहते. खेकड्याच्या एका बिळातून पाझर सुरू होतो. त्या पाझराची धार होते, धारेची खांड होते आणि एका रात्रीत खारे पाणी शेतात शिरते. मग ते शेत त्या वर्षापुरतेच जात नाही. जमिनीतील मीठ धुऊन निघण्यास पुढचे दोन-तीन पावसाळे लागतात. म्हणून बांध फुटू लागला की घरटी माणूस निघावा, बायकांनी टोपल्यांनी चिखल वाहावा, शेत कोणाचे हे विचारू नये, ही येथील गावकीची जुनी शिस्त. खांड एकाच्या शेतासमोर पडते, पण बुडते सर्वांचे.

खाऱ्या मातीचा परिणाम येथील जीवनावर सर्वत्र उमटला आहे. 'राता' या लाल भाताच्या खार सोसणाऱ्या जाती येथे रुजल्या; पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे वाण दिले. गोड्या पाण्याच्या तळ्यांतून जिताडा मासा पोसला जाऊ लागला. पावसाळा सरला की उन्हाने जमिनीतील मीठ वर येते, म्हणून बहुतेक शेतात दुसरे पीक नाही. कोणी मिठागरावर जाई. आगरावर राबणारा तो आगरी, असे या समाजाचे नावच मिठाशी जोडलेले आहे. आणि त्याच मोकळ्या महिन्यांत लग्ने निघत.

धवलारणीचा मान

या लग्नांतच खारेपाटाचे सर्वांत मोलाचे संगीत आहे. आगरी आणि कोळी समाजांत विवाहविधी चालविणारी स्त्री म्हणजे धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे, म्हणजे धवळा, तिला मुखोद्गत असते. गावोगावच्या देवदेवतांना ती गाण्यातून लग्नाचे आमंत्रण देते. तिच्या हाती पोथी नसते. पोथी ती स्वतःच असते. तेराव्या शतकात महानुभाव कवयित्री महदंबेने ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी धवळे रचले आणि त्यांमुळे मराठीची आद्य कवयित्री हा मान तिला मिळाला, हे वाचकांस ठाऊकच आहे. त्याच नावाचा गीतप्रकार सातशे वर्षांनंतरही समुद्रकाठच्या श्रमिक स्त्रियांच्या कंठी जिवंत राहावा आणि ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा स्त्रियांना समाजाने पौरोहित्याचा मान द्यावा, ही गोष्ट आपल्या धार्मिक इतिहासात लहान नाही.

वल्ह्याचे गाणे आखूड आणि उसळते; धवळा लांब, संथ, एका सुराला धरून चालणारा. एक लाटेवर जन्मला, दुसरा पीक घरात आल्यानंतरच्या निवांत अंगणात. आज त्या अंगणात ध्वनिक्षेपक आणि बँड आहेत. धवलारणीला अनेक घरांत आता केवळ हळदीपुरते बोलावणे येते आणि तिच्याजवळ बसून शिकणारी मुलगी क्वचित दिसते.

चरीचे पुण्यस्मरण

खारेपाटाचे ऋण सांगताना चरी गावाचे स्मरण केलेच पाहिजे. बांध घालून जमीन मिळविणारे हात एकाचे आणि पिकाचा मोठा वाटा दुसऱ्याचा, अशी स्थिती असताना २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. पंचवीस गावांतील शेतकऱ्यांनी जमिनी पडीक ठेवल्या. डोंगरातून मोळ्या आणून आणि खाडीत मासळी धरून त्यांनी दिवस काढले, पण शब्द मोडला नाही. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले व त्यांनी या लढ्याला पाठिंबा दिला. संप १९३९ पर्यंत चालला. त्याच वर्षी कुळांच्या हक्कांचा कायदा झाला आणि १९४८ च्या कूळकायद्याने ती वाट रुंद केली. सहा वर्षे हा निग्रह टिकला कसा? आमच्या मते त्याचे उत्तर बांधावर आहे. उधाणाच्या रात्री शेजाऱ्याच्या शेतासाठी चिखल वाहणाऱ्या गावाला एकत्र राहण्याचा धडा वेगळा द्यावा लागत नाही.

आजची खांड

१९४८ साली खारभूमीचा कायदा होऊन मंडळ स्थापन झाले, १९७९ साली नवा कायदा आला आणि अनेक बांधांची जबाबदारी शासनाने घेतली. पण खासगी बांध तसेच राहिले आणि सरकारी बांधाच्या दुरुस्तीची वाट पाहण्यात पावसाळे गेले. तरणी माणसे मुंबईला व कारखान्यांत गेली. उधाणाच्या रात्री टोपली उचलणारे हात कमी झाले. बुडालेल्या खाचरांत तिवर उगवली. तिवर बांधाबाहेर असेल तर लाटेचा मारा सोसणारी रक्षक; बांधाच्या आत रुजली तर शेत मेल्याची खूण. उच्च न्यायालयाने २०१८ साली खारफुटीच्या तोडीस कठोर मनाई केली, ती किनाऱ्याच्या हिताचीच आहे. मात्र जेथे कालपर्यंत भात होता तेथे आज तिवरीला हात लावता येत नाही, हे त्या शेतकऱ्याचे दुःखही खरे आहे. त्यावर उपाय एकच : खांड पडताच ती बुजविणे.

समुद्र बदलत आहे, याची साक्ष ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दिली. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. जे फळ आपण दर्याला वाहतो, त्याची झाडेच वाऱ्याने नेली. आणि माड पुन्हा फळावर येण्यास वर्षे लागतात. समुद्राची पातळी जगभर वाढत आहे. ज्या भूमीची उंचीच उधाणापेक्षा कमी, तिच्यासाठी ही वार्ता दूरची नव्हे.

सेतूचा अर्थ

रामायणात श्रीरामांपुढे सागर प्रकट होतो, तेव्हा आपला मूळ स्वभाव आपल्याला सोडता येत नाही, असेच तो सांगतो. आणि नलाने सेतू बांधावा, तो मी धारण करीन, असे वचन देतो. संस्कृतात सेतू या शब्दाचा अर्थ पूल असा आहे, तसाच बांध असाही आहे. देवाने समुद्राला कोरडे केले नाही; वानरांनी दगड, झाडे वाहून आणली आणि सर्वांच्या हातांनी मर्यादा उभी राहिली. नारळ अर्पण करताना आपण सागराला त्याच्या मर्यादेत राहण्याची प्रार्थना करतो. पण ती मर्यादा बांधून देण्याचे काम सागराने माणसावर सोपविलेले आहे.

म्हणून रायगडच्या भाविकांना आमची नम्र विनंती आहे. नारळाच्या मिरवणुकीला वर्गणी जमते, तशीच श्रावणापूर्वी गावच्या बांधासाठीही जमावी. उत्सव मंडळाने उघाडीची दारे तपासावीत, खेकड्यांची बिळे बुजवावीत आणि सणाला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनी एक सकाळ बांधाला द्यावी. घरात धवळे येणारी आजी असेल, तर नातीने तिच्याजवळ बसून ते लिहून घ्यावेत, ध्वनिमुद्रित करावेत आणि जमल्यास शिकावेत. नारळ दर्याला वाहावाच. पण त्याच हाताने एक टोपली माती बांधावर पडावी. तीही त्याच पूजेचा उपचार आहे, आणि त्या उपचाराने पुढच्या वर्षीच्या नैवेद्याचा तांदूळ शेतात उभा राहील.