पंप मोठा केला म्हणून पॉवर वाढत नाही

“रिमॅप करायचाय, पण आधी मोठा फ्युएल पंप टाकावा लागतो ना? नाहीतर इंजिन जळतं म्हणे.” गाडी पोलो असो, ऑक्टाव्हिया असो, व्हर्टस असो की आय-ट्वेंटी एन लाइन, प्रश्न हाच आणि याच शब्दांत. त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं: “आणि मोठ्या पंपाने तशीही थोडी पॉवर मिळतेच.” पहिल्या वाक्यात थोडं तरी तथ्य आहे. दुसऱ्यात अजिबात नाही. आणि दुसऱ्याच्याच जोरावर पंप विकले जातात.

आधी तथ्याचं बोलू. टर्बो सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबतो. रिमॅप म्हणजे ईसीयूचं, इंजिनाच्या संगणकाचं, सॉफ्टवेअर बदलणं. ते करताना बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवला की हवा आणखी वाढते आणि तिला पुरेल इतकं पेट्रोलही वाढावं लागतं. पूर्ण बूस्टवर टर्बो पेट्रोल इंजिन मुद्दाम श्रीमंत मिश्रणावर चालवतात, म्हणजे एक भाग पेट्रोलला साधारण साडेअकरा ते साडेबारा भाग हवा. त्यातलं जास्तीचं पेट्रोल ज्वलनकक्षाला थंड ठेवतं. तिथे पेट्रोल कमी पडलं, गॅरेजच्या भाषेत गाडी ‘लीन’ गेली, की तापमान चढतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगांमधला धातू तुटायला फार वेळ लागत नाही. तेव्हा इंजिन जळण्याची भीती खोटी नाही.

आता पंपाकडे या. पंपाचं काम दाब तयार ठेवण्याचं. सिलिंडरमागे किती पेट्रोल जायचं ते इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहतो त्यावर ठरतं, आणि ते ठरवतो ईसीयू. पंपाने गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओढलं तर रेग्युलेटर ते टाकीत परत पाठवतो. नव्या गाड्यांत ईसीयू पंपाचा वेगच कमी करतो. सोसायटीच्या टाकीवर दुप्पट ताकदीची मोटर बसवली म्हणून नळ तेवढाच उघडला तर बादली लवकर भरत नाही, तसंच हे. मूळ पंप पुरेसा असलेल्या गाडीत मोठा पंप बसवला तर पॉवर वाढते शून्य पीएस. डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रावर, फरक दिसलाच, तर तो हवेच्या तापमानाचा असतो किंवा बिल भरलेल्या माणसाच्या नजरेचा.

मग ‘आधी पंप, मग ट्यून’ हा मंत्र आला कुठून? जपानी गाड्यांच्या जगातून, आणि तिथे तो बरोबर होता. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स किंवा टूजेझेड इंजिनाची टोयोटा सुप्रा घ्या. टाकीत एकच पंप, तो थेट इनटेकमधल्या इंजेक्टरना पेट्रोल देणार. मालक मूळ टर्बो काढून दुप्पट मोठा बसवायचे, शिवाय अमेरिकेत ई-८५, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन, भरायचे. या इंधनाचं हवा-इंधन गुणोत्तर पेट्रोलच्या १४.७ च्या जागी साधारण ९.८ असतं, म्हणजे तेवढ्याच हवेला जवळपास दीडपट इंधन लागतं. त्यातही गाडी पंधरा-वीस वर्षं चाललेली आणि पंप थकलेला. अशा वेळी ‘वालब्रो २५५’ हा ताशी २५५ लिटरचा पंप आधी टाकणं हे शहाणपणच होतं. तोच सल्ला आपल्याकडच्या ११० पीएसच्या हॅचबॅकला, मूळ टर्बोवर, स्टेज वन रिमॅपसाठी दिला जातो तेव्हा मात्र डोकं फिरतं.

कारण या नव्या गाड्यांची रचनाच वेगळी आहे. टीएसआय, टी-जीडीआय, बूस्टरजेट, महिंद्राचं एमस्टॅलियन टी-जीडीआय ही सगळी डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं. त्यांत पंप दोन. टाकीतला विजेवर चालणारा पंप पाच-सहा बारच्या आसपास दाबाने पेट्रोल पुढे पाठवतो. इंजिनावर बसलेला दुसरा, हाय प्रेशर पंप, कॅमशाफ्टवर फिरतो आणि दाब १५०-२०० बारवर नेतो. काही नव्या इंजिनांत हा आकडा ३५० पर्यंत जातो. रिमॅपनंतर इंधन कमी पडलंच, तर बहुधा या दुसऱ्या पंपामुळे पडतं. त्याचा प्लंजर ठरावीक जाडीचा, कॅमच्या एका फेरीला तो ठरावीक पेट्रोलच ढकलू शकतो. टाकीतला पंप कितीही मोठा केला तरी त्या प्लंजरची जाडी वाढत नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच, फक्त इथे पखालीचंही वेगळं बिल लागतं.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल दुकानदार सहसा बोलत नाहीत. ६००० आरपीएमला क्रँकची एक फेरी १० मिलिसेकंदांत होते. इनटेकमध्ये फवारणाऱ्या जुन्या पद्धतीत इंजेक्टरला दोन फेऱ्या, म्हणजे २० मिलिसेकंद मिळतात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये मात्र पेट्रोल इनटेक स्ट्रोक आणि थोडाफार कॉम्प्रेशन स्ट्रोक एवढ्यातच आत जायला हवं. वेळ उरतो पाच ते सात मिलिसेकंद. या खिडकीत पेट्रोल मावत नसेल तर एकतर दाब वाढवावा लागतो किंवा इंजेक्टर मोठे करावे लागतात. टाकीतल्या पंपाचा इथे काही संबंध नाही.

ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी कॅल्क्युलेटर काढावा. पूर्ण थ्रॉटलवर टर्बो पेट्रोल इंजिन एका किलोवॉट-तासाला साधारण ३५० ग्रॅम पेट्रोल खातं. पेट्रोलची घनता लिटरला सुमारे ७४५ ग्रॅम धरली तर एका पीएसला ताशी साधारण ०.३५ लिटर लागतं. पोलो जीटी टीएसआय कंपनीतून निघाली १०५ पीएसची. म्हणजे ताशी ३७ लिटरच्या आत. रिमॅपने ती १३५ वर नेली असं धरू: ४७ लिटर. ई-२० साठी, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, वर सात टक्के चढवा: ५० लिटर. तेही गाडी तासभर सलग पूर्ण थ्रॉटलवर राहिली तर. ताशी २५५ लिटरचा पंप कागदावर ७०० पीएसला पुरतो. दाब वाढला की त्याचा प्रवाह घटतो आणि थोडं राखीव ठेवावं लागतं म्हणून प्रत्यक्षात आकडा बराच खाली येतो. तरीही १३५ पीएसच्या पोलोत तो नेमकं काय करणार?

ई-२० चे ते सात टक्के माझ्या मनातले नाहीत. ई-० साठी बनलेल्या आणि ई-१० वर कॅलिब्रेट केलेल्या चारचाकींची इंधन-कार्यक्षमता ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल मिश्रण आराखड्यातच दिलेला आहे. ईसीयू तेवढं इंधन आपोआप वाढवतो. म्हणून ‘ई-२० आलं, आता मोठा पंप हवाच’ हीसुद्धा अफवा समजा. जुन्या गाडीत रबरी सील आणि नळ्या इथेनॉलला टिकतात का, ही चिंता वेगळी आणि रास्त आहे.

मग ठरवायचं कसं? लॉग काढून. ओबीडीला केबल जोडायची, गाडी डायनोवर चढवायची (एक्स्प्रेसवेवर नव्हे, कृपा करा), तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून रेडलाइनपर्यंत पूर्ण थ्रॉटल द्यायचा. मग रेल प्रेशरचे दोन रकाने शेजारी ठेवून वाचायचे: ईसीयूने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला. समजा मागितले २०० बार आणि शेवटपर्यंत १९५-१९८ मिळत राहिले, तर विषय संपला, पंपाला हात लावायचं कारण नाही. पण ५००० आरपीएमनंतर मिळणारा आकडा १८०, १६५, १५० असा उतरत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय. आता तिसरा रकाना बघायचा, टाकीकडून येणारा दाब. तो स्थिर असेल तर हाय प्रेशर पंपाची मर्यादा आली. तोही बसत असेल तर दोष मागे आहे. तेव्हासुद्धा नवा पंप मागवण्याआधी फिल्टर बघा आणि पंपाच्या कनेक्टरवर लोडखाली व्होल्टेज मोजा. तिथे साडेतेराऐवजी साडेअकरा व्होल्ट पोहोचत असतील तर पंप बिचारा निर्दोष आहे, वायर बदला. दाब फारच पडला तर बहुतेक गाड्या स्वतःच बूस्ट कापतात, लिंप मोडमध्ये जातात आणि पी००८७ हा कोड टाकतात. पण त्या कोडची वाट पाहत बसणं म्हणजे ट्यूनिंग नव्हे.

पंप खरंच आधी बदलावा अशाही गाड्या असतात. टर्बोच मोठा बसवायचा असेल. नेक्सॉनच्या १.२ रेव्होट्रॉनसारखं इनटेकमध्ये फवारणारं इंजिन असेल आणि पॉवर दीडपटीच्या आसपास न्यायची असेल. किंवा गाडी लाख-सव्वा लाख किलोमीटर चाललेली असेल आणि पंप आजच धापा टाकत असेल. मग पंप आधी आणि ट्यून नंतर, हाच क्रम योग्य. थकलेल्या पंपावर नवा मॅप चढवणारा ट्यूनर मलाही नको.

बाकीच्या अफवांना एवढी जागा देत नाही. ‘मोठ्या पंपाने ॲव्हरेज पडतं’: पडत नाही, जास्तीचं पेट्रोल टाकीत परत जातं. मात्र अवाढव्य पंप लावला आणि मूळ रेग्युलेटरला तो परतीचा प्रवाह झेपला नाही, तर आयडलला दाब चढतो आणि गाडी रिच चालते. जास्त करंट ओढणाऱ्या पंपाने त्याचं कंट्रोल मॉड्यूल तापतं ते वेगळंच. ‘डब्यावर २५५ लिहिलंय म्हणजे २५५ मिळणार’: कमी दाबाला. तीन बारचा मूळ दाब आणि त्यावर सव्वा बार बूस्ट आला की किती मिळतं ते पंपाच्या आलेखात बघा. ‘पंप बदलला की मॅपही बदलावा लागतो’: टाकीतल्या पंपासाठी सहसा नाही, कारण रेग्युलेटर दाब तोच ठेवतो, इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पंप बदलला तर मात्र हो. ‘रिझर्व्हवर गाडी फिरवली तर काय बिघडतं’: टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे बिघडतो तो पंपच. ‘रिमॅप पुसून मूळ फाइल टाकली की सर्व्हिस सेंटरला कळत नाही’: फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांवर अशा बदलासाठी टीडी१ हा शेरा बसतो आणि वॉरंटीचा दावा तिथेच अडतो. ‘फक्त सॉफ्टवेअर आहे, कायद्याचा काय संबंध’: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असे बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलेलं आहे. ‘फक्त सॉफ्टवेअर’ हे उत्तर अपघातानंतर विमा कंपनीपुढे टिकेल असं गृहीत धरू नका.

एवढं होऊनही पंपासाठी काढून ठेवलेले पैसे हातात खाजत असतील, तर पोलो जीटी टीएसआयवाल्यांना एक आकडा सांगतो. तिच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची, म्हणजे डीक्यू२०० ची टॉर्कमर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. मूळ इंजिनाचा टॉर्क १७५. रिमॅपमध्ये तो वाढतोच, आणि ट्यूनर हौशी असला तर २५० च्या उंबरठ्यावर जातो. पंपाच्या कितीतरी आधी क्लच हात वर करेल. तेव्हा ट्यूनरला पंपाचा भाव विचारण्याऐवजी रिमॅपच्या आधीचा आणि नंतरचा लॉग मागा, आणि टॉर्कची कमाल मर्यादा त्याच्याकडून लिहून घ्या. लॉग दाखवायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडे गाडी सोडू नका.