पादचाऱ्याच्या वाट्याचा रस्ता

शहरातील रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे सर्वांनाच मान्य असते. परंतु या मालमत्तेची वाटणी कोणत्या न्यायाने होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रस्त्याची रुंदी मर्यादित आणि तिच्यावर हक्क सांगणारे अनेक. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा टंचाईचा प्रश्न होय. टंचाईच्या वस्तूला किंमत आकारली नाही, की ती बलवानाच्या पदरात पडते. रस्त्याकडेला दिवसभर उभी राहणारी मोटार सुमारे १२ चौरस मीटर जागा बहुधा फुकट वापरते. तिची किंमत मोजतो तो पायी चालणारा.

ही किंमत केवळ गैरसोयीची नाही. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक. याचे खापर पादचाऱ्याच्या बेशिस्तीवर फोडण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः निर्णायक ठरतो तो वाहनाचा वेग. ताशी ३० किलोमीटरचा वेग ५० वर गेला, की वाहनाची गतिज ऊर्जा पावणेतीन पटींहून अधिक होते. हा वेग केवळ फलक लावून उतरत नाही. तो रस्त्याच्या रचनेनेच उतरतो. मार्गिका अरुंद करणे, चौकातील वळण आवळणे, रस्ता ओलांडणाऱ्यास मधोमध थांबण्याची जागा देणे, हे त्यावरचे साधे उपाय आहेत.

सुरक्षिततेइतकाच महत्त्वाचा आहे तो चालण्यातील स्वास्थ्याचा विचार. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील तीन रस्त्यांची पाहणी केली. दिवसाला सुमारे २,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावरील रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र होते. सुमारे १६,००० वाहनांच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता! वाहतूक वाढते, तसा शेजारधर्म आटतो. हा तोटा मात्र कोणत्याही प्रकल्प अहवालाच्या ताळेबंदात दिसत नाही.

आपल्याकडे नियमांची वाण आहे असेही नाही. पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची अडथळाविरहित वाट असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ करूनही दाखविले. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काशी जोडला.

मग घोडे अडते कोठे? ते अडते मोजमापात. आपण रस्त्यावरून किती वाहने गेली ते मोजतो, किती माणसे गेली ते मोजत नाही. आणि जे मोजले जात नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही. तेव्हा प्रत्येक महापालिकेने रस्त्याचे काम काढण्यापूर्वी तेथील पादचाऱ्यांची गणना करावी, आणि सलग चालता येईल असा पदपथ शहरात किती किलोमीटर आहे, ते अंदाजपत्रकासोबत दरवर्षी जाहीर करावे. उड्डाणपुलाच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. मोटार असलेला नागरिकही मोटारीतून उतरताच पादचारीच होतो, एवढे ध्यानी घेतले तरी या मागणीला विरोध करण्याचे कारण उरत नाही.