वृद्धांनो, पाय जपा!

आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो, तेव्हा खाटेला खिळलेली वडीलधारी माणसे भेटतात. "केव्हापासून असे?" म्हणून विचारावे, तर पुष्कळदा उत्तर रोगाचे नसतेच. "मोरीत पाय सरकला", "गोठ्यात घसरलो", "रात्री उठताना भोवळ आली", अशी उत्तरे येतात. कालपर्यंत म्हशीचे दूध काढणारा माणूस एका पडण्याने परावलंबी होतो. जगभर अपघाती मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि अशा मृत्यूंत साठीच्या पुढील माणसे सर्वांत अधिक असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हा विषय आपल्याला अधिक जवळचा आहे. आपली कितीतरी कुटुंबे दोन ठिकाणी राहतात. मुले उधना, लिंबायत, पांडेसरा भागात कामधंद्याला. आईवडील व्यारा, सोनगड, नवापूरकडे शेत धरून. मुलगा म्हणतो, "बाबा, आता सुरतेला चला." बाबा म्हणतात, "शेत कोण बघेल?" दोघांचेही खरे आहे. परंतु हा वाद बोलून मिटत नाही. म्हातारपणी स्वतःच्या घरी राहता येईल की नाही, हे बहुतेक वेळा पायच ठरवतात. म्हणून आमचे सांगणे एवढेच: पहिले पडणे टाळा.

बसवून ठेवू नका

"आई, तुम्ही आता काही करू नका, स्वस्थ बसा," असे सून प्रेमाने म्हणते. हेतू चांगला, पण परिणाम वाईट. न चालवलेले पाय लवकर बारीक होतात. म्हातारपणी काही दिवस नुसते पडून राहिले तरी मांडीतली ताकद कमी होते, आणि ताकद गेली की तोल जातो.

म्हणून कामे निवडावीत. शिडीवर किंवा माळ्यावर चढणे, डोक्यावर गवताचा भारा आणणे, बैल आवरणे ही कामे सोडावीत. रात्री उसाला पाणी भरायला जाणे तर अजिबात नको. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून गुजरातेत २०२० साली किसान सूर्योदय योजना सुरू झाली. तरी जिथे रात्रीची पाळी असेल, तिथे मोटर चालू करायला तरुणाने जावे. पापडी सोलणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, परसातील भाजीला पाणी घालणे, दिवसाउजेडी बांधावरून फेरी मारणे ही कामे मात्र चालू ठेवावीत. त्यांनी शरीर आणि मन दोन्ही ताजे राहते.

याला रोज थोडा व्यायाम जोडा. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्यावर बसा आणि हाताचा आधार न घेता उठा. सुरुवातीला पाच वेळा, मग दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. त्यानंतर खिडकीचे गज धरून टाचा उचला, मग एका पायावर क्षणभर उभे राहा. जवळ कोणीतरी असावे. असे तोलाचे व ताकदीचे व्यायाम नियमित केल्यास पडण्याचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने घटते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे.

घर तपासा

मोरीत व संडासात भिंतीला लोखंडी दांडा पक्का बसवा. पावसाळ्यात अंगणातील फरशीवर शेवाळ धरते, ते आठवड्याला घासून काढा. गोठ्यातील शेण-मूत साचू देऊ नका. जनावराचे दावे वाटेत पडलेले नसावे. उंबरठा उंच असेल तर त्याला पांढरा पट्टा द्या. खाट अशी असावी की बसल्यावर दोन्ही पावले जमिनीला पुरती टेकतील. उशाशी बॅटरी ठेवा. झिजलेली, सैल चप्पल टाकून द्या. मागे पट्टा असलेली घ्या.

काठी घेण्यात कमीपणा कसला? सरळ उभे राहून हात खाली सोडला असता काठीची मूठ मनगटाशी यावी. एक पाय दुखत असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरावी. पुष्कळ जण नेमके उलट करतात.

शरीर तपासा

मोतीबिंदू असेल तर तो पिकण्याची वाट पाहू नका. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. सरकारी रुग्णालयांत आणि शिबिरांत त्याची शस्त्रक्रिया मोफत होते. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी भोवळ येत असेल तर डॉक्टरांना सांगा; गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अंथरुणातून एकदम उठू नये. आधी बसावे, मिनिटभर थांबावे, मग उभे राहावे.

म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून उन्हाळ्यात तहान नसतानाही थोडे थोडे पाणी प्यावे. भाकरी आणि चटणीवर भागवू नये. रोज डाळ, दूध, अंडे, शेंगदाणे यांपैकी काही पोटात जावे. वजनाच्या दर किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच खावे. आणि संध्याकाळची ताडी किंवा मोहाची दारू? ती तरुणालाही पाडते, मग म्हाताऱ्याची काय कथा!

पडलेच तर

घाईने ओढून उभे करू नका. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेर वळले असेल, हलवताना खुब्यात असह्य कळ येत असेल, तर हाड मोडले असे समजा. चोळू नका, हाडवैदाकडे नेऊ नका. १०८ ला फोन करा. ही गाडी गुजरातेत २००७ पासून चालू आहे, महाराष्ट्रातही येते. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी. जितका उशीर, तितका पुन्हा चालण्याचा संभव कमी. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरे वाटत असले तरी दवाखान्यात जा.

खर्चाची भीती बाळगून घरी बसू नका. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळते. त्यावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार होतात. घरात सत्तरीचे दोघे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. आधार कार्डावरील वय धरले जाते, म्हणून जन्मसाल चुकले असेल तर आजच दुरुस्त करून घ्या. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र मोफत देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा फोन आहे.

शेवटी मुलांना एक विनंती. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा नुसता खाऊ नेऊ नका. रात्री दिवे मालवल्यावर आईचा हात धरून तिच्या खाटेपासून मोरीपर्यंत तिच्याच चालीने चाला. पायाला काय लागते, कुठे अंधार आहे, कुठे धरायला काही नाही, ते पाहा. आणि सकाळी सुरतेची गाडी पकडण्याआधी तेवढे दुरुस्त करून या.